पाहुणीसाठी एक कप

याद्वारे सर्व चहाबाज नागरिकांस, चहा न पिणाऱ्या दुर्दैवी जीवांस आणि विशेषतः माझ्या बायकोस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत इसमाने, म्हणजे मी, भरदुपारी, पूर्ण शुद्धीत आणि अख्ख्या गावाच्या साक्षीने एका मेलेल्या मुलीच्या चहापानाला हातभार लावलेला आहे. पत्ती माझी होती. कपही मीच नेऊन दिला होता. आजवर त्या बाजूने तक्रार आलेली नाही.

आता गांभीर्य संपलं. सांगायला बसतो.

मी बल्लारपूरचा. गेली पंचवीस वर्षं फटफटीच्या दोन्ही अंगांना पोती बांधून आठवडी बाजारांत सुटी चहापत्ती विकतो. या धंद्यात माणसाला दोनच गोष्टी शिकायला मिळतात, रस्ते आणि जिभा. आरमोरीकडचं गिऱ्हाईक चिमूटभर पत्ती तळहातावर घेऊन रंग बघतं. मुलचेऱ्याच्या आसपासच्या बंगाली वस्त्यांत पुडी नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि मग भावात हुज्जत घालतात. आणि मुलचेऱ्याचा बाजार उरकून मी ज्या डोंगराकडे वळतो, तिथल्या गावात रंग बघत नाहीत, वासही घेत नाहीत. तिथं विचारतात, "भाऊ, याची वाफ किती वेळ टिकते?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी हसलो होतो. मग त्यांची बैठक पाहिली आणि हसणं तिथंच राहिलं.

डोंगरावर चाळीसेक घरं. धानाचे छोटे बांध, एक बोडी, म्हणजे छोटं तळं, त्यात थोडी मासोळी. गाई आहेत, पण दूध काढत नाहीत, दूध वासराचं. म्हणून चहा कोरा, लालभडक, गवती चहाची पात टाकून उकळलेला. गावात काही ठरवायचं असलं, कोणाचं लग्न, कोणती जमीन, कोणी कुठं जायचं, की समाजमंदिरात बैठक बसते. समाजमंदिर म्हणजे सिमेंटची एक खोली. तिच्या भिंतीला एक फळी, आणि फळीवर बारा कप पालथे. पांढरे, निळ्या काठाचे, प्रत्येक कप एका मेलेल्या कर्त्या माणसाचा.

बैठकीच्या वेळी ते कप खाली काढतात, एका लांब पाटावर उताणे मांडतात आणि पहिला चहा त्यांच्यात ओततात. मग जिवंतांना. आणि तिथून पुढं कोणीही बोलायचं नाही. आपला चहा प्यायचा आणि त्या बारा कपांच्या वाफेकडं बघत बसायचं. वाफ चालू आहे म्हणजे म्हातारे चहा पिताहेत. शेवटच्या कपाची वाफ थांबली की त्यांचं पिऊन झालं. मग ज्याचा कप, त्याच्या घरचं माणूस उठतं आणि त्याच्या वतीनं बोलतं. गोष्ट मान्य असेल तर तो गार चहा पिऊन टाकायचा. मान्य नसेल तर कप तिथंच पालथा घालायचा. एक जरी कप पालथा झाला तरी विषय मिटला.

तुम्ही कधी तीस-चाळीस माणसं एका खोलीत अजिबात न बोलता बसलेली पाहिली आहेत का? सुरुवातीला घोट घेतल्याचे आवाज येतात. मग तेही थांबतात. बाहेर कोंबडं ओरडतं आणि सगळ्यांना दचकायला होतं. आणि मग तुम्हाला वाटायला लागतं की कपातला चहा खरंच कमी होतोय. मी एकदा नजर रोखून बघत होतो. तिसऱ्या कपातली पातळी काठाच्या निळ्या रेघेपासून बोटभर खाली गेली होती. शप्पथ. कप फुटका होता, हे नंतर कळलं. पण ते नंतर.

या गावाला वर जायला एक नाला ओलांडावा लागतो. डांबरी रस्ता नाल्याच्या अलीकडं संपतो. नाल्यावर बुटका रपटा आहे, आणि पावसाळ्यात पाणी रपट्यावरून जातं. त्या नाल्याची एक रीत आहे, ती मला पहिल्याच वर्षी सांगण्यात आली. नाल्याजवळ आलं की मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घालायचं. मोबाईल बंद. आणि मागून कोणी वेळ विचारली तर वळायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, चालत राहायचं.

बऱ्याच वर्षांपूर्वी या गावची एक मुलगी बारावीला एका इंग्रजीत अडकली होती. जुलैमध्ये पुरवणी परीक्षा. पेपर तालुक्याला, अकरा वाजता. रात्रभर पाऊस पडलेला, रपट्यावर पाणी. ती काठावर उभी होती, तेव्हा पलीकडून बैल हाकत येणाऱ्या एका माणसाला तिनं ओरडून विचारलं, "किती वाजले?" पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, की ऐकू येऊनही त्याच्याकडं घड्याळ नव्हतं, तो माणूस आता नाही, विचारता येत नाही. त्यानं हात हलवला. तिला काय वाटलं कोण जाणे. ती पाण्यात उतरली.

तेव्हापासून ती विचारते, असं गाव म्हणतं. फार काही नाही. तेवढंच.

आणि तेव्हापासून गावच्या मुली नाला ओलांडून शाळेला जात नाहीत. वर सातवीपर्यंत शाळा आहे. सातवी झाली की पोरी घरात. कोणी विचारलं तर म्हणायचे, त्या माउलीच्या डोळ्यांपुढून पुन्हा कोणाची पोरगी दप्तर घेऊन खाली उतरायला नको. ती माउली, म्हणजे त्या मुलीची आई, गावातच राहते. माझी गिऱ्हाईक. कमी बोलणारी, मोजक्या हालचालींची बाई. तिनं स्वतः असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिच्या वतीनं सगळं गाव म्हणायचं.

मी त्या आवाजावर विश्वास ठेवायचो का? बल्लारपुरात बसून विचाराल तर नाही. रपट्यावर उभं करून विचाराल तर मी आधी चावी फिरवेन आणि उत्तर नंतर फोनवर देईन. कारण मी तो ऐकलाय. आषाढातली सकाळ होती. ढग डोंगरावरून उतरून नाल्यापर्यंत आले होते, दहा पावलांपुढचं झाड दिसत नव्हतं. पाणी किती आहे बघावं म्हणून मी इंजीन बंद केलं. घड्याळ खिशात घालायला विसरलो होतो. आणि अगदी मागून, शेजारच्या बाकावरची मुलगी हळूच विचारते तशा आवाजात, "किती वाजले?"

मी फटफटी ढकलत पाण्यातून पलीकडं गेलो. एक चप्पल रपट्यावर राहिली. पुढचे दोन बाजार मी एका पायात बायकोची जुनी चप्पल घालून केले आणि लोकांना सांगितलं की अंगठा सुजलाय.

यंदा श्रावणाच्या सुरुवातीला मी पुन्हा तिथं होतो. उजेड चांगला होता, म्हणून धीर करून रपट्याजवळ थांबलो, तर वरच्या काळ्या खडकावर कोणीतरी बसलेलं दिसलं. ओढणी डोक्यावरून घेतलेली, मान खाली, हातात काहीतरी चमकणारं.  मी तिथूनच हात जोडले.

"भाऊ, नमस्कार काऊन करून राह्यले?" वरून आवाज आला. "फोन लावून राह्यली मी. इथीच टावर येते."

जिवंत होती. गावातलीच एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. सातवीनंतर मामानं कामाच्या नावाखाली आरमोरीला नेलेली, तिथं राहून बारावी केलेली. धानाच्या रोवणीला म्हणून बापानं परत आणली आणि रोवणी संपल्यावर सोडली नाही. नर्सिंगला नंबर लागला होता, गडचिरोलीत. तो तिनं त्याच खडकावर बसून फॉर्म भरून लावला होता.

"इथी बसते रोज? एकटी?"

"मंग काय वरात आणू?"

"घाबरत नाई?"

ती खाली उतरून आली आणि माझी पोती चाचपायला लागली. "भाऊ, तुमी बाजारात फिरता. मले एक कप आणून द्यान काय? पांढरा, निळ्या काठाचा. फळीवर हायेत ना, तसाच्या तसा."

माझ्या डोक्यात लगेच सनई वाजली. पाहुणे बघायला येणार, घरात कप कमी पडणार. मी दात काढले. "पाहुणे येऊन राह्यले वाटते?"

"हो," ती म्हणाली. "एक पाहुणी येनार हाय."

"पाहुणी? नवरदेवाची आई का?"

"तुमी कप आणा, भाऊ. कोन येनार, ते इचारू नका."

कोण पाहुणी, हे मला समजलं नाही.  पण मी कप आणला. तसला जुन्या धाटणीचा कप मिळायला तीन बाजार लागले. शेवटी मुलचेऱ्यात एका भांडेवाल्याच्या पेटीत तळाशी सापडला. एकच होता. बशी नव्हती. त्याच्यात कोणीतरी कधीतरी चहा प्यायलं असावं, कारण तळाला तपकिरी वर्तुळ होतं आणि किती घासलं तरी ते जाईना. पुढच्या फेरीत मी तो तिच्या हातात दिला. तिनं आत बघितलं, वर्तुळावरून बोट फिरवलं आणि ओढणीत गुंडाळला.

"पोरी, तारीख कधी?"

"गुरुवारी."

गुरुवारी मी वर पोचलो तो नेमका बैठकीच्या दिवशी, आणि पोचल्यावर तासाभरात नाला चढला. खाली जायचा प्रश्नच उरला नाही. गावाचा नियम असा की बैठकीच्या वेळी जो कोणी गावात असेल त्यानं बसायचं. परक्यानं दाराजवळ, तोंड बंद ठेवून. तोंड बंद ठेवणं मला सोसत नाही. पण पत्ती माझीच उकळत होती, म्हटलं तेवढी तरी चाखू.

दुपारचे दोन वाजले असतील. ढग गावात शिरला होता. समाजमंदिराच्या दारातून तो आत येत होता आणि माणसांच्या गुडघ्यांपर्यंत थांबत होता. बायका भिंतीकडं. त्या माउलीला दाराजवळच जागा मिळाली होती, माझ्यापासून हातभर. ती बाहेर बघत होती, जिथून नाल्याचा आवाज येत होता. खाली पाऊण मैलावर नाला, पण त्या दिवशी तो भिंतीपलीकडं असल्यासारखा वाजत होता.

विषय त्या मुलीचाच होता. शनिवारपर्यंत कागदपत्रं घेऊन गडचिरोलीला स्वतः हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. बाप म्हणाला होता, गाव हो म्हणेल तर मी स्वतः सोडून येतो. गाव नाही म्हणेल तर मी गावाच्या बाहेर नाही. वाईट माणूस नव्हता. फक्त एकटा पुढं होणाऱ्यांतला नव्हता.

फळी सांभाळणारा म्हातारा, त्याला सगळे फळीवाले बाबा म्हणतात, त्यानं कप खाली काढले, फडक्यानं पुसले आणि पाटावर मांडले. बोट लावून मोजले. बारा. चहा ओतायला त्या दिवशी तीच मुलगी होती. हातात चहाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, मागं सातवी होऊन घरात बसलेल्या दोन पोरी जिवंतांचे पेले घेऊन. तिनं एकेक कप भरला. बारावा भरला. वाफा उठल्या. खोली गप्प झाली.

आणि मग तिनं ओढणीतून तेरावा कप काढला.

पाटाच्या टोकाला, जमिनीवर, तिनं तो ठेवला आणि काठोकाठ भरला.

मी माझा कप ओळखला. आणि, खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. कारण वाफ चालू होती. वाफ चालू असताना कोणीही बोलू शकत नव्हतं. नियम त्यांचाच. फळीवाल्या बाबांनी डोळे एवढे मोठे केले की मला वाटलं आता ते पाटावर पडतील. त्यांनी भुवया उंचावल्या. मुलीनं मान खाली घातली. त्यांनी बोटानं कपाकडं दाखवलं आणि हात हवेत झटकला: काढ. तिनं बघितलंच नाही. ओतलेला कप त्याच्या घरच्या माणसाशिवाय कोणी हलवायचा नाही, हाही नियम त्यांचाच. बाबांनी मांडी बदलली. पुन्हा मांडी बदलली. कोणीतरी खोकलं.

बापानं हातातला पेला खाली ठेवला. बायकांपैकी कोणीही इकडं-तिकडं बघत नव्हतं. सगळ्यांना कळलं होतं की तो कप कोणाचा. नाव घ्यायची गरजच नव्हती.

एकेक वाफ विरायला लागली. पहिला कप, दुसरा, पाचवा. अकरावा. बारावा. तेरावा काही थांबेना. बारा गार कप आणि एक जो अजून पितोय. तो सगळ्यात शेवटी ओतला होता, गंजाच्या तळाशी राहिलेल्या कढत चहानं, म्हणून उशिरा निवत होता, हे मला आज नीट समजतं. तेव्हा मी फक्त मोजत होतो, आणि बाहेर नाला वाजत होता. ढगातून आलेला गारवा आणि त्या कपावरची वाफ एकमेकांत मिसळत होती, आणि वाफेला जरा आकार येतोय असं वाटत होतं. एकदा ती दाराकडं झुकली. माझ्याकडं. मी बूड सरकवलं.

मग तीही थांबली.

"हा कप कोनाचा?" बाबांचा आवाज फुटका आला.

"तुमाले मालूम हाय," मुलगी म्हणाली.

"बाईमाणसाचा कप फळीवर नाई राहत."

"फळीवर कुठी ठेवला बाबा? पाटावर बी नाई ठेवला. जमिनीवर ठेवला."

दोन-तीन बायकांनी पदर तोंडाला लावला. बाबा म्हणाले, "आरमोरीची हवा लागली तुले. मामाच्या घरी राहून तोंड फुटलं."

"तोंड इथीच फुटलं होतं. आरमोरीत दात आले."

"उचल तो कप."

"भरलेला कप उचलता येत नाई, बाबा," कोपऱ्यातून कोणीतरी बारीक आवाजात आठवण करून दिली. बाबांनी त्या कोपऱ्याकडं असं बघितलं की कोपरा रिकामा झाला.

"बरं. मंग त्याच्यावर बोलनार कोन?"

"मी बोलते," मुलगी म्हणाली.

"तू तिच्या घरची नाई."

"पण तिच्याच पायी घरात बसवली ना मले? मंग झाली मी तिच्या घरची."

 ती उभी होती, हातात रिकामा गंज, आणि मागच्या दोन्ही पोरी तिच्या अगदी जवळ आल्या होत्या.

"तुमी सगळे नाल्यावर घड्याळ खिशात घालता," ती म्हणाली. "मोबाईल बंद करता. मागून इचारलं का पळता. ती काय मागते तुमाले? जीव मागते काय? टाइम इचारते. पेपरले उशीर होऊन राह्यला, म्हणून टाइम इचारते. इतक्या वर्षांत एकानं तरी तिले सांगतला?"

मला माझी चप्पल आठवली. मी खाली बघितलं. आणि बघितलं तर मीच एकटा खाली बघत नव्हतो. आपापल्या अंगठ्यांकडं बघणारी बरीच माणसं होती त्या खोलीत.

"मीनं सांगतला," ती म्हणाली.

आता बाबांनी मान वर केली.

"खडकावर बसून फॉर्म भरून राह्यली होती. तुमाले मालूम नाई, रोज जात होती मी. पाणी पडून राह्यलं होतं, मागून इचारलं. मले बी भेव वाटलं. पण मी मोबाईलमध्ये पाह्यलं. साडेनऊ वाजले, म्हटलं. अकराले पेपर हाय तुहा, अजून लय टाइम हाय. घाई नको करजो, म्हटलं. पाणी उतरू दे."

 गंजाच्या कडेवरून एक थेंब जमिनीवर पडला.

"मंग?" कोणीतरी विचारलं. बहुतेक बापानं.

"मंग पुन्हा नाई इचारलं. महिना झाला. रोज गेली मी. एक बार बी नाई."

मागच्या दोन पोरींपैकी धाकटी, जिला मी आजवर फक्त डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन जाताना पाहिलं होतं, ती एकदम म्हणाली, "मले बी आठवीत जायचं हाय." आणि लगेच मोठीच्या पाठीमागं लपली. मग मोठीनं मान हलवली, म्हणजे तिलाही.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ते चिडलेले दिसत नव्हते. दमलेले दिसत होते. ते म्हणाले, "पोरी, हे तू आमाले सांगून राह्यली. आमी कोन? ज्याच्या घरचा कप, त्यानं बोलावं. तिची माय हाय इथी." त्यांनी दाराकडं पाहिलं. "बाई. आमचे बारा कप तुह्या कपाच्या मागं. तू पिशील तं पिऊ. तू पालथा घालशील तं तिथीच संपलं. कोनी तुले काई म्हणनार नाई."

आणि मग माझ्या शेजारून ती उठली.

मला तिच्या पदराचा वारा लागला. ती बाहेरून आल्यासारखी चालली, म्हणजे पाय जमिनीला लागतात की नाही अशी. ढग तिच्या पायांभोवती होता. ती पाटाच्या टोकाला गेली आणि खाली बसली, आणि त्या कपाकडं बघत राहिली. फार वेळ. तिनं आत बघितलं. तळाचं तपकिरी वर्तुळ चहातून दिसत नसणार, पण ती असं बघत होती जणू खोल काहीतरी आहे.

मुलगी तिच्यासमोर बसली. आता तिच्या चेहऱ्यावर आरमोरीचे दात वगैरे काही नव्हतं. एकोणीस वर्षांची पोर होती आणि शनिवार दोन दिवसांवर होता.

माउलीनं कप उचलला. दोन्ही हातांनी. आणि तो तिरका झाला.

बायकांकडून एक आवाज आला, श्वास आत ओढल्याचा, सगळ्यांचा एकदम. बापानं डोळे मिटले. चहा कपाच्या काठाशी आला, निळ्या रेघेवरून एक ओघळ बाहेर आला आणि तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. ती बाहेर ऐकत होती. आम्ही सगळेच ऐकत होतो. नाला तसाच वाजत होता, आणि त्याच्यात मी कान देऊन शोधत होतो तो आवाज, आणि तो नव्हता. फक्त पाणी होतं.

तिनं कप तोंडाला लावला. गार, कडू, तळाशी गाळ असलेला चहा ती एका दमात प्याली, शेवटचा थेंब येईपर्यंत मान मागं टाकून. मग कप उताणाच खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, ओलं मनगट पुसलं. आणि उठता उठता त्या मुलीचा दंड असा घट्ट धरला की पोर कळवळली, आणि इतक्या वर्षांत त्या बैठकीत एक शब्द न बोललेली ती बाई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, जवळजवळ रागानंच, बोलून गेली:

"नाल्याले पाणी असन तं वापस येजो वो. पेपर गेला चुलीत."